बाय, हें रुपें न्हय

म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत, दुसऱ्या रात्री, नाटक सुरू व्हायच्या सुमाराला एक वयस्क बाई माझ्या दागिन्यांच्या मांडवापुढे येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून त्यांनी रुमाल काढला आणि रुमालातून पैंजणांचा जोड. मी लगेच ओळखला. डिचोलीच्या नव्या सोमवारच्या जत्रेत मीच तो विकला होता. पैंजण काळवंडले होते, आणि कड्यांच्या सांध्यांपाशी तर काजळी धरल्यासारखे दिसत होते. त्यांनी जोड फळीवर ठेवला आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "बाय, हें रुपें न्हय."

गोव्यात चांदीला रुपें म्हणतात. आमचे घर मूळचे सावंतवाडीकडचे. घरात मराठी, बाजारात कोकणी, पण हे वाक्य मला कोणत्याही भाषेत तितकेच लागले असते. जोडवी बघत असलेल्या दोघी मुली हातातले दागिने ठेवून पुढच्या खाज्याच्या दुकानाकडे गेल्या. मी सांगितले की चांदी काळी पडते म्हणजे ती खोटी असते असे नाही. हवेतला, घामातला गंधक चांदीला धरतो, आपल्याकडची दमट हवा त्यात भर घालते, रिठ्याच्या पाण्याने पुन्हा उजळते. सगळे खरेच होते, पण दाखवायला माझ्याकडे काय होते? माझा शब्द. बाईंना मी पूर्ण पैसे परत दिले. त्या नकोच म्हणत होत्या, त्यांना पैसे नको होते, फसवले गेलो नाही एवढे कळायला हवे होते. तेच मला देता आले नाही.

बाबा सोनार. त्यांच्या हाताखाली मी पंधरा वर्षे बसले. सोन्याच्या ऑर्डरी मोठ्या पेढ्यांकडे वळल्या, तसा मी चांदीचा माल करून जत्रांना न्यायला सुरुवात केली. जोडवी, बाळाचे वाळे, मनगट्या, करगोटे, नवसाचे छोटे पाळणे, देवाचे डोळे. बाबांच्या गिऱ्हाइकाने त्यांना कधी छाप विचारली नाही. त्यांचे आजोबा ज्या घरचे दागिने करत, त्याच घरच्या सुना पुढे बाबांकडे येत. जत्रेत तसे नसते. माणूस एकदा दिसतो आणि वर्षभर दिसत नाही. तिथे बाबांचे नाव पुरत नाही, हे मला त्या रात्री पुरते उमगले.

घरी आल्यावर ठरवले की आपल्या मालावर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत छाप, घ्यायचा.

सोन्याला तो जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीला तो ऐच्छिक आहे, म्हणून आमच्यासारखे लहान कारागीर त्या वाटेला जात नाहीत. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी ऑनलाइन होते, शुल्क नाही, आणि एकदा मिळाली की ती कायमची. नोंदणी जागेच्या पत्त्यावर असते. जत्रेतला मांडव आज इथे, उद्या फातर्प्याला, म्हणून घरच्या कामाच्या खोलीचा पत्ता दिला. कागद जमवायला वेळ गेला तो फक्त आमच्या घरपट्टीच्या पावतीवर अजून आजोबांचे नाव असल्यामुळे. ते निस्तरायला पंचायतीत तीन फेऱ्या झाल्या. वजनकाट्याचे काम त्या मानाने सोपे होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी वजनमाप खात्याकडून करून घ्यावी लागते, ती मी आधीपासून करत होतेच.

नोंदणी आली. मी पैंजणांचे आठ जोड आणि जोडव्यांचा एक लॉट परख केंद्राकडे, म्हणजे शुद्धता तपासून छाप देतात तिथे, पाठवला. चांदी मी स्वतः आटवली होती. शंभर ग्रॅम शुद्ध चांदीत आठ ग्रॅम तांबे, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. मापात चूक होणे शक्यच नव्हते, कारण त्या दिवशी काट्यावर बाबांची नजर होती.

जोडवी पास झाली. पैंजण छापाशिवाय परत आले. शेऱ्यात आकडा होता ९१४.

दोन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. पहिला संशय चांदीच्या लगडीवर आला, ज्या व्यापाऱ्याकडून घेतली त्याच्यावर. पण जोडवी त्याच लगडीची होती आणि ती पास झाली होती. मग फरक कुठे? जोडव्यात एकच सांधा असतो. पैंजणाच्या एका पायात बासष्ट.

सोनारकाम न केलेल्यांसाठी इथे थोडे थांबते, कारण सगळे प्रकरण याच्याशी आहे. दोन कड्या जोडायच्या म्हणजे त्यांच्यामध्ये डाक वितळवायची. डाक म्हणजे चांदीच, पण तांबे आणि जस्त मिसळलेली, म्हणजे ती दागिन्याच्या आधी वितळते. माझी डाक बाबांच्या मापाने केलेली: पासष्ट भाग चांदी, वीस तांबे, पंधरा जस्त. शुद्ध चांदी वितळायला ९६० अंशांच्या वर उष्णता लागते, ही डाक ७०० च्या आसपास पाण्यासारखी धावते. सांध्यावर टाकणखाराचे पाणी लावायचे, डाकेचा कण ठेवायचा, फुंकणीने ज्योत फिरवायची. कण आधी गोळा होतो, क्षणभर थरथरतो आणि मग एकदम सांध्यात शिरतो. तो क्षण चुकला तर कडीच वितळते.

माझ्या चुलत भावाने वापरायला दिलेल्या गॅसच्या टॉर्चवर काम भराभर होते, म्हणून मी डाकेच्या पत्र्याचे तुकडे मोठे कापत होते. मोठा तुकडा ठेवला की सांधा हमखास भरतो, पुन्हा करावा लागत नाही. बासष्ट सांधे, दोन पाय, आठ जोड. घाई होती. वजन केले तेव्हा कळले की पन्नास ग्रॅम कड्यांच्या एका पैंजणात दोन ग्रॅम डाक जात होती.

हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला. पन्नास ग्रॅममध्ये ४६.२५ ग्रॅम चांदी, दोन ग्रॅम डाकेत १.३. एकूण बावन्न ग्रॅममध्ये ४७.५५. भागाकार केला आणि उत्तर आले ९१४. केंद्राच्या शेऱ्यातला तोच आकडा माझ्या हाताने वहीत उतरला.

त्या बाईंचे पैंजण मी मोडले नव्हते, ते डब्यात होते. काढून उजेडात धरले. कड्या जरा फिकट काळ्या आणि सांधे गर्द काळे. तांबे जास्त तिथे काळेपणा जास्त. पैंजणांनी मला जानेवारीतच सांगितले होते, मी मात्र हवेला आणि गंधकाला दोष देत बसले. बाई म्हणाल्या ते अक्षरशः खरे नव्हते, ते रुपेच होते. पण मी ९२५ सांगून ९१४ विकले होते, हेही तितकेच खरे.

बाबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचली आणि म्हणाले, "तुझे आजोबा डाक तिळाएवढी कापायचे. मी तुला तसे शिकवले नाही, ती माझी चूक." इतकेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माझ्या पाटावर बसले आणि कात्रीने डाक कापायला लागले.

तिळाएवढा कण काट्यावर नोंदतच नाही, दहा घेतले तर काहीतरी दिसते. तो चिमट्यात धरता येत नाही, टाकणखारात भिजवलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने उचलावा लागतो. ज्योत जरा जोरात आली तर कण उडून जातो आणि शोधत बसावे लागते. टॉर्च बाजूला ठेवून मी पुन्हा कोळसा आणि फुंकणीवर आले. सांधाही आधी कानशीने असा घासायचा की दोन्ही टोके एकमेकांना चिकटून बसतील, उजेड आरपार दिसता कामा नये. डाक फट भरायला नसते, जोडायला असते. हे वाक्य बाबांचे, आणि ते मला पंधरा वर्षांनी ऐकायला मिळाले. पहिल्या आठवड्यात माझे तीनपैकी एक कण वाया जात. डोळे दुखत. पण पैंजणात जाणारी डाक दोन ग्रॅमवरून पाऊण ग्रॅमच्या आत आली. शिवाय आटणीत तांबे आठाऐवजी सव्वासात ग्रॅम घालायला लागले, म्हणजे डाक मिसळूनही दागिना ९२५ च्या वरच राहतो.

दुसरा लॉट सप्टेंबरात पाठवला. त्याच महिन्यापासून चांदीलाही सोन्यासारखा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळायला लागला होता. सगळे जोड पास होऊन आले. कडीला जोडलेल्या चपट्या पट्टीवर लेझरने कोरलेली छाप: ब्युरोची खूण, ९२५, आणि क्रमांक. खूण इतकी बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाही. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा खोलीत एकटी होते आणि बराच वेळ बघत राहिले.

तोवर दुसरेच संकट उभे राहिले. २०२५ च्या सुरुवातीला किलोला लाखाच्या आत असलेली चांदी डिसेंबरात दोन लाखांपलीकडे गेली. पैंजण मागणारी बाई भाव ऐकून जोडव्यांवर येते, जोडवी मागणारी बाळाच्या मनगट्यांवर. वाया गेलेला प्रत्येक कण आता मला रुपयांत दिसतो. मी जड पैंजण कमी केले, तारेचे हलके करते. त्यात सांधे जास्त, म्हणून मेहनतही जास्त, पण मजुरी तेवढी मागता येत नाही. याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

यंदा पुन्हा बोडगेश्वराला मांडव घेतला. फळीवर भिंग, छोटी बॅटरी आणि १० ग्रॅमचे पितळेचे वजन ठेवले, काट्यावर कोणालाही घालून बघता यावे म्हणून. क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये घालून तपासता येतो, पण जत्रेच्या गर्दीत नेटवर्क नसते. म्हणून प्रत्येक बिलावर तो हाताने लिहून देते आणि घरी जाऊन बघायला सांगते. बहुतेक लोक बघणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. एक शाळकरी मुलगी मात्र भिंग घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि सहाही अक्षरे मोठ्याने वाचून आईला दाखवत राहिली. मागे तिच्या वडिलांच्या हातात खाज्याची पुडी होती.

त्या बाई आल्या नाहीत. मी रोज रात्री वाट पाहिली. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. त्यांचे पैंजण मी पुन्हा केले आहेत, सगळे सांधे उघडून, नव्याने, आणि त्यावर छापही घेतली आहे. रुमालात गुंडाळून ते माझ्या डब्यात वेगळे ठेवलेले असतात. पुढच्या जत्रेलाही नेणार.