ऱ्हाइनवरचे जकातनाके: सिंहगडवाल्या बाबांसोबत बोटीतून

बाबांनी आजवर सिंहगड किती वेळा चढला, याचा हिशोब आता त्यांच्याकडेही नाही. त्यामुळे जर्मनीत ऱ्हाइन नदीतून बोटीने किल्ले बघायचे म्हटल्यावर ते म्हणाले, "बसून किल्ला बघायचा? मग घरीच टीव्ही लाव की." आईचे गुडघे मात्र माझ्या बाजूने होते. सप्टेंबरात आम्ही पाच जण निघालो: आई-बाबा, आम्ही दोघं आणि दहा वर्षांचे चिरंजीव.

आठवडाभराची क्रूझ आम्ही मुद्दाम घेतली नाही. पैशांचा प्रश्न होताच, पण आमचं पोर आठ दिवस जहाजावर काय करणार? शिवाय पाणी उतरलं की मोठ्या क्रूझची पंचाईत होते. 2018 च्या ऑक्टोबरात कौब गावचा पाणीमापक 25 सेंटिमीटरवर आला होता. किल्ल्यांची खरी दाटी बिंगेन ते कोब्लेंझ या 65 किलोमीटरांत आहे. 2002 पासून हा पट्टा जागतिक वारशात आहे. त्यातला रुडेसहाइम ते सांक्ट गोआर एवढा तुकडा साध्या प्रवासी बोटीने पावणेदोन तासांत होतो. मात्र जायचं ते प्रवाहाबरोबर. उलट्या दिशेला बोट रखडते.

फ्रँकफर्टहून रुडेसहाइमला लोकल गाडीने सव्वा तास. तिथे आम्ही घोळ घातला. काठावर वेगवेगळ्या कंपन्यांचे धक्के ओळीने आहेत आणि आम्ही तिकीट एकाचं काढून रांगेत दुसऱ्याच्या उभे. बोट डोळ्यांदेखत गेली. पुढच्या बोटीपर्यंत बाकावर बसून दशम्या संपवल्या, त्या मुळात जेवणासाठी होत्या. तेव्हा तिकिटावरचं नाव आणि धक्क्यावरची पाटी आधी ताडून पाहा.

बोटीत वरच्या डेकवर डावीकडची जागा धरा. सुरुवातीचे ऱ्हाइनस्टाइन, रायखेनस्टाइन, सूनेक हे किल्ले ओळीने त्याच तीरावर आहेत. बाबांनी प्रत्येकाला नाक मुरडलं: "हे फारच नवं दिसतंय." खोटं नव्हतं. ऱ्हाइनस्टाइन एका प्रशियन राजपुत्राने 1820 च्या दशकात पडक्या अवशेषांवर पुन्हा उभारून घेतला. आपल्याकडे इंग्रज 1818 नंतर गडांच्या वाटा आणि दरवाजे उडवत होते, तेव्हा तिकडे पडके किल्ले हौसेने बांधले जात होते.

कौब आलं आणि बाबा उठून कठड्याशी गेले. नदीच्या मधोमध खडकावर जहाजासारखा पांढरा किल्ला, फाल्झग्राफेनस्टाइन. 1327 च्या सुमाराचा. साखळी लावून नावा अडवायच्या, जकात घ्यायची, मग सोडायचं. "म्हणजे नाणेघाटच की! तिथे दगडी रांजण, इथे पाण्यात चौकी," असं म्हणून बाबांनी नातवाला सातवाहनांपासून सुरुवात केली. लोरेलायचा 132 मीटरचा कडा आला तरी व्याख्यान चालूच. केस विंचरणाऱ्या सुंदरीकडे बघता बघता नावाडी बुडायचे ही तिथली दंतकथा. अरुंद पात्र आणि नागमोडी वळण हे खरं कारण. तो कडा उजवीकडे येतो, तेव्हा जागा बदला.

सप्टेंबरचं ऊन असलं तरी डेकवर वारा बोचतो. आईला स्वेटर आणि शाल दोन्ही लागली. जिना उभा आहे, वयस्कांना हात द्या. शाकाहारींनी डबा न्यावाच, बटाट्याच्या फोडींवर दिवस निघत नाही. स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी ठेवा.

सांक्ट गोआरला उतरलो. आई खाली कॉफी घेत बसली, आम्ही ऱ्हाइनफेल्स चढलो. वीसेक मिनिटांची दमवणारी चढण. हा किल्ला 1245 चा, तोही जकातीसाठीच. दहाच वर्षांत वैतागलेल्या शहरांनी वेढा घातला, वर्षभर झुंजले, हात हलवत परतले. 1692 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजेलाही तो मिळाला नाही. "तेव्हा राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते," बाबा म्हणाले आणि पहिल्यांदा बुरुजाला हात लावून पाहिला. पुढे 1794 मध्ये तो न लढताच फ्रेंचांच्या हाती गेला आणि त्यांनी सुरुंग लावून फोडला. म्हणून आज तो पडका आहे, आणि म्हणूनच बाबांना पसंत. कुठला भाग खुला आहे ते निघण्याआधी तपासा.

परतताना एक लक्षात ठेवा: कोब्लेंझ ते माइंझ नदीवर एकही पूल नाही. समोरच्या तीरावरून फ्रँकफर्टला थेट गाडी मिळते, पण त्यासाठी आधी फेरीबोटीने पलीकडे जावं लागतं. फेरीची वेळ बघूनच वरून उतरायला लागा. आम्ही शेवटचं वळण पळत उतरलो, बाबा सगळ्यांच्या पुढे.

एक दिवस आणखी असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग घ्या; या भागातला कधीच उद्ध्वस्त न झालेला डोंगरी किल्ला तोच. तो आमचा राहिला, आणि त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावं लागतं.