आर्मेनियाला समुद्र कुठून आला?

मध्ययुगाबद्दल बोलताना सिलिशियाचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या आर्मेनियन राज्याचं, नाव काढलं की मला एक प्रश्न हमखास येतो: आर्मेनियाला तर समुद्रकिनाराच नाही, मग आर्मेनियन राजे भूमध्य समुद्राकाठी राज्य करत होते ते कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तो मुलूख त्यांचा नव्हताच. त्यांची भूमी ईशान्येला, अरारातच्या आसपास. १०४५ साली बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राटाने त्यांची राजधानी अनी घेतली, १०६४ मध्ये ती सेल्जुक तुर्कांच्या हाती गेली, आणि १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुकांनी बायझंटाइनांना हरवल्यावर सरहद्दच कोसळली. मग सरदार, भिक्षू, कारागीर, शेतकरी असे सगळे आपापला कुटुंबकबिला घेऊन टॉरस पर्वताकडे निघाले. हाच सिलिशिया. आजच्या नकाशावर हा भाग दक्षिण तुर्कस्तानात, अदाना शहराभोवती येतो.

‘निर्वासित’ म्हटलं की आपल्याला रिकाम्या हातांनी आलेली माणसं दिसतात. इथे तसं नव्हतं. बायझंटाइन सत्तेनेच काही आर्मेनियन सरदारांना तिथल्या किल्ल्यांवर नेमलं होतं. ती सत्ता दुबळी झाली आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले. १०८० च्या सुमारास रुबेन नावाच्या सरदाराने डोंगरात स्वतंत्र ठाणं मांडलं. त्याच्या वंशजांना डोंगर उतरून मैदान आणि बंदरं ताब्यात घ्यायला शंभरेक वर्षं लागली. बाराव्या शतकाच्या अखेरीस तार्सुसच्या चर्चमध्ये त्यांच्यातल्या लेवोनला राज्याभिषेक झाला. मुकुट आला होता जर्मन सम्राटाकडून!

लेवोनने १२०१ मध्ये जिनोआ आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. पुढे अयास बंदर इतकं भरभराटीला आलं की १२७१ मध्ये मार्को पोलो पूर्वेच्या प्रवासाला तिथूनच निघाला.

मला सर्वांत मोठा वाटतो तो राजा हेतुम. मंगोलांनी १२४३ मध्ये सेल्जुकांना चिरडलं, तेव्हा वारा कुठे वाहतोय ते त्याने ओळखलं. आधी भाऊ स्म्बातला पाठवलं, मग स्वतः मंगोलांची राजधानी काराकोरमपर्यंत जाऊन १२५४ मध्ये त्यांच्या मोंगके खानाला भेटला. या मैत्रीची किंमत भयंकर पडली. १२६६ मध्ये इजिप्तच्या मामलुकांनी चढाई केली, हेतुमचा एक मुलगा मारला, दुसरा कैद केला, राजधानी सिस जाळली. म्हणून काही जण हेतुमला दोष देतात. मला ते पटत नाही. दोन प्रचंड सत्तांच्या मधल्या चिंचोळ्या राज्याला कुणाची तरी बाजू घेणं भागच होतं.

१३७५ मध्ये सिस पडलं. शेवटचा राजा, तोही लेवोनच, कैरोला कैदेत गेला, १३८२ मध्ये सुटला आणि १३९३ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

राज्य गेलं, पण त्या काळात लिहिलेलं टिकलं. तोरोस रोस्लिनने चितारलेली बायबलची हस्तलिखितं तर आहेतच, पण मला जास्त नवल वाटतं ते स्म्बातच्या कामाचं. त्याने शेजारच्या अँटिऑकच्या फ्रँक, म्हणजे क्रुसेडसाठी पश्चिम युरोपातून आलेल्या, सरदारांचा कायदा आर्मेनियनमध्ये उतरवला. मूळ फ्रेंच संहिता हरवली. आज तो कायदा वाचायचा तर स्म्बातच्या अनुवादातूनच वाचावा लागतो.

धर्मपीठही टिकलं. त्यांचे धर्मगुरू, म्हणजे कॅथोलिकोस, राज्य बुडाल्यावरही सिसलाच राहिले. १९१५ च्या आर्मेनियनांच्या नरसंहारानंतर आणि पहिल्या महायुद्धानंतर तिथे आलेलं फ्रेंच सैन्य १९२१ मध्ये निघाल्यावर मात्र त्यांनाही घर सोडावं लागलं. १९३० पासून हे पीठ लेबनॉनमध्ये अँटेलियासला आहे, आणि त्याच्या अधिकृत नावात सिलिशिया अजून आहे.