बंद केलेली गोळी

आज दादरला बाबांचा रक्ततपासणीचा अहवाल हाती आला आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ९.१ हा आकडा पाहून मी जिन्यातच थांबले. साखर आटोक्यात आली म्हणून त्यांनी ३ महिन्यांपूर्वी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आपल्याच मनाने बंद केली होती. साखर गोळीमुळेच आटोक्यात होती, हे आमच्याही ध्यानात आले नाही. ही गोळी यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, त्यामुळे ती थांबली की साखर पुन्हा चढू लागते, आणि तरीही माणसाला बरेच दिवस काहीच जाणवत नाही. सततची तहान आम्ही मुंबईच्या उकाड्यावर ढकलली (उकाडा बिचारा सगळ्याचाच धनी!). डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. बसमध्ये बाबा एवढेच म्हणाले, "गोळी नव्हती तेव्हा पोट तरी शांत होते."