सदनिका क्रमांक 403 की 304?

मिळकतकराच्या खिडकीमागच्या बाईंनी माझे कागद एकदा चाळले, इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, पुन्हा वर घेतला आणि विचारलं, "ताई, घर चारशे तीन ना? इथं तर तीनशे चार आहे." माझे पायच गळाले. दस्त होऊन सात आठवडे झाले होते. मूळ कागद बँकेत जमा होते. माझ्या नावावर सरकारदरबारी जे घर लागलं होतं, त्यात दुसरंच कुटुंब राहत होतं.

पुण्यात वापरलेला, म्हणजे रीसेलचा, एक बेडरूमचा फ्लॅट मी 42 लाखांना घेतला. पैशांच्या बाजूनं मी पूर्ण तयारी केली होती. शहरात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 एप्रिल 2021 पासून एक टक्का सवलत. म्हणून घर एकटीच्या नावावर घेतलं. 2,94,000 ऐवजी 2,52,000 भरले. ते वाचलेले 42,000 रुपये माझ्यासाठी फार मोठे होते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण 30,000 च्या वर जात नाही, त्यामुळे तेवढीच. शिवाय दस्त हाताळणी शुल्क, तेव्हा पानाला 20 रुपये होतं. आमचा दस्त 52 पानांचा, त्याचे 1,040. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरांनी, निघणारं मूल्य आमच्या व्यवहाराच्या रकमेपेक्षा कमी होतं, नाहीतर शुल्क त्या मूल्यावर लागलं असतं. सगळी रक्कम ग्रास या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरली, चलन आलं, चलनावर जीआरएन, म्हणजे पावतीचा नंबर, आला. कुठंही कुणाला वर एक रुपया द्यावा लागला नाही, हे मला आवर्जून सांगायचंय.

चूक झाली ती डेटा एंट्रीत. दस्ताचा मसुदा वकील तयार करतात. तो आम्ही चार वेळा वाचला होता, घर विकणाऱ्या काकांनीही वाचला होता. त्यात सगळीकडे 403 असंच होतं. पण इंडेक्स टू त्या मसुद्यातून निघत नाही. नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पक्षकारांची नावं, पॅन, मिळकतीचं वर्णन, रकमा ही माहिती वेगळी भरावी लागते. ती भरली की अकरा आकडी कोड मिळतो, कार्यालयात तो कोड टाकून तीच माहिती उघडतात आणि इंडेक्स टू तिच्यातूनच छापला जातो. म्हणजे एकाच घराचं वर्णन दोनदा लिहिलं जातं, आणि लोक त्यातलं एकच वाचतात. आमची एंट्री एका एजंटनं केली. भरलेल्या माहितीचा प्रिंट त्यानं समोर ठेवला तेव्हा मी नाव आणि रक्कम पाहिली आणि सही केली. कलम (4), जिथं भूमापन क्रमांक आणि घर क्रमांक असतो, ते मी वाचलंच नाही.

नोंदणीचा दिवस मला लख्ख आठवतो. काका पंचाहत्तरीचे. उभा जन्म लेथवर गेलेला. वेबकॅमवर फोटो लगेच निघाला, पण अंगठा मशीन घेईना. ऑपरेटर मुलीनं काच पुसली, त्यांचा अंगठा ओल्या रुमालानं पुसला, हळूच दाबून धरला. पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला. काका मला म्हणाले, "रेषाच उरल्या नाहीत गं." हेच घर त्यांनी 1998 साली घेतलं तेव्हा दस्त हातात यायला कित्येक महिने लागले होते, सारख्या चकरा माराव्या लागल्या होत्या. यावेळी सादरीकरण, फी, कबुली, ओळख, प्रत्येक शिक्क्यावर वेळ सेकंदासकट छापलेली होती, आणि संध्याकाळच्या आत स्कॅन होऊन दस्त परत मिळाला. या वेगाचं मला खरोखर कौतुक आहे. पण चुकीचा आकडाही त्याच वेगानं नोंदला गेला.

अशी चूक अर्ज देऊन दुरुस्त होत नाही. चूक दुरुस्ती पत्र नावाचा नवा दस्त करावा लागतो. मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख त्यात नमूद करायची, पुन्हा डेटा एंट्री, पुन्हा चलन, पुन्हा टोकन, आणि लिहून देणारा व लिहून घेणारा दोघंही पुन्हा हजर. खर्च पहिल्या दस्ताच्या मानानं अगदीच किरकोळ. खरी अडचण काकांना आणायची होती. घर विकून ते सांगलीला लेकीकडे राहायला गेले होते. पैसे पूर्ण मिळालेले, त्यांचा आता काही संबंध उरला नव्हता. एखाद्यानं फोनही उचलला नसता. मी सगळं सांगितल्यावर ते इतकंच म्हणाले, "तारीख कळव. येतो मी."

मधल्या दिवसांत मी नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चवर त्याच इमारतीचे इतर दस्त काढून पाहिले. पुण्याचे 2002 नंतरचे इंडेक्स टू तिथं घरबसल्या दिसतात. 304 च्या खऱ्या मालकांचा दस्तही दिसला. पुढे त्यांना घर विकायचं झालं असतं तर त्यांच्या वकिलाला सर्चमध्ये माझं नाव सापडलं असतं आणि त्या माणसांचा व्यवहार अडकला असता. माझ्या न वाचण्याची झळ अशा लोकांना बसणार होती ज्यांना मी ओळखतही नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या वेळी एंट्री मी स्वतः केली. रजा टाकली, मराठी टंकलेखन जमवलं, दस्त शेजारी ठेवून एकेक आकडा बोट ठेवून भरला. घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: एंट्री कुणीही करो, सही करण्याआधी कलम (4), क्षेत्रफळाचं कलम (5) आणि नावांची (7) व (8) मूळ दस्ताशी ताडून पाहा. कार्यालयातही दस्त पक्का होण्याआधी माहिती दाखवतात. मागे रांग असली तरी तिथं थांबा. तोवर आकडा तिथल्या तिथं बदलता येतो.

काका पहाटेच्या गाडीनं आले. सोबत लेकीनं दिलेला डबा होता. यावेळी अंगठा दुसऱ्याच प्रयत्नात लागला. मी गाडीभाड्याचं पाकीट पुढं केलं, ते त्यांनी माझ्याच पर्समध्ये परत ठेवलं. इंडेक्स टू हातात आल्यावर चष्मा लावला, कलम (4) शोधलं आणि झिजलेलं बोट एकेका आकड्यावर टेकवत मोठ्यानं वाचलं, "चार. शून्य. तीन." मग कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आता तू वाच."