पाण्याच्या बैठकीत पक्ष्यांची खुर्ची

नेदरलँड्समध्ये पाण्याच्या निवडणुका होतात. कुठल्या चारीत पाणी किती ठेवायचं हे ठरवणारी पाणी मंडळं इथे तेराव्या शतकापासून आहेत आणि त्यांच्यासाठी लोक दर चार वर्षांनी मतदान करतात. मी नाशिकची, इथे शिकायला आले आहे; हे ऐकून होते. परवा वर्गात कळलं ते मात्र नवीन होतं: २०२३ पासून प्रत्येक मंडळावर २ जागा शेतीसाठी राखीव आहेत आणि २ निसर्गक्षेत्रांसाठी. आमच्या गंगापूर-दारणा धरणांचं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडीला सोडायचं की नाही, ही भांडणं ऐकत मी मोठी झाले. मला हे पचायला वेळ लागला.

मग आम्हाला एका शेतावर नेलं. शेतकऱ्याने बुटाची टाच मातीत दाबून दाखवली. टाच रुतली तर गॉडविट या लांब चोचीच्या पक्ष्याची चोचही रुतते आणि त्याला गांडूळ मिळतं. चारीतलं पाणी उतरवलं की माती कडक होते, गांडुळं खोल जातात. म्हणून तो पाणी वर ठेवतो, पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे १५ जूनपर्यंत गवत कापत नाही आणि त्याचे पैसे घेतो. फुकट कोण करेल?

पण वर्गात भारताचा विषय निघाला की पडद्यावर बिबट्या आणि ‘संघर्ष’ एवढंच. निफाडच्या उसात बिबटे आहेत, माणसंही गेली आहेत, ते नाकारत नाही. पण हरसूलकडच्या खोरीपाड्यात वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी उपाहारगृह, म्हणजे मेलेली जनावरं ठेवायची जागा, उभं केलं, तेही दाखवा ना! आणि एवढी मंडळं, एवढा पैसा असून इथले गॉडविट घटतच आहेत, कारण बाकीच्या कुरणांत पाणी खाली आणि कापणी लवकर. मी हे सगळं वर्गात बोलले, जरा चढ्या आवाजातच.

आपलं निफाड तालुक्यातलं, गोदावरीवरचं नांदूरमध्यमेश्वर बघा. बंधारा बांधला कालव्यांसाठी. गाळ साचला, बेटं झाली, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. पाणी मात्र अजून आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्यांच्या, हिशोबाने चढतं-उतरतं. चिखल चाळणाऱ्या पक्ष्यांना घोटाभर पाणी लागतं, डुबकी मारणाऱ्या बदकांना खोल. कोणत्या महिन्यात किती, हे मोजून ठरवता येतं. तेच शिकायला मी इथे आले आहे. घरी सगळे विचारतात, नाशिक सोडून पाखरं बघायला एवढ्या लांब कशाला? त्याचं उत्तर हे.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेती, पिण्याचं पाणी, उद्योग या सगळ्यांची बाजू मांडली जाते. तिथे नांदूरच्या पाणथळीसाठीही हक्काची एक जागा हवी, आणि तिच्या हातात महिन्यागणिक पातळीचा तक्ता. तो तक्ता करायला मी तयार आहे.