टोकियोतल्या रामेनच्या दुकानात: तिकिटापासून वाडग्यापर्यंत

टोकियोतलं साधं रामेनचं (गरम सुपातल्या शेवयांचं) दुकान म्हणजे आठ-दहा खुर्च्यांचं एक काउंटर, आत एक-दोन माणसं आणि दाराशी तिकिटाचं यंत्र. वेटर नाही, बिल नाही, टिप तर नाहीच. जे काय ठरवायचं ते यंत्रासमोर उभं राहून ठरवायचं, आणि तेही मागे रांग असताना. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन जाताना मी दुकान निवडण्यापेक्षा या एका मिनिटाच्या तयारीकडे जास्त लक्ष देते. गडबड होते ती इथेच. एकदा तिकीट काउंटरवर ठेवलं की पुढचं आत उभा असलेला माणूस बघतो.

आधी पैशांचं. बटणांच्या जुन्या यंत्रात पैसे टाकल्यावरच बटणं पेटतात. नवखा माणूस आधी बटण दाबत बसतो आणि यंत्र बंद आहे असं समजून मागे फिरतो. ही यंत्रं बहुतेक वेळा फक्त १००० येनची नोट आणि १०, ५०, १००, ५०० ची नाणी घेतात. ५००० किंवा १०,००० ची नोट घातली तर ती तशीच बाहेर येते. त्यात ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या. नव्या १००० च्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहेत, १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगच्या जंतूचा माग काढणारे (तोच प्लेग दोन वर्षांत मुंबईत आणि मग पुण्यात पोचला). नोट ओळखणारा भाग बदलणं छोट्या दुकानाला परवडत नाही, म्हणून काही यंत्रं अजून जुनी नोटच मागतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या दुरंगी ५०० येनच्या नाण्याचीही तीच कथा. यंत्रावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर विषय बहुधा हाच असतो. अशा वेळी नोट काउंटरवर दाखवायची, आतला माणूस बदलून देतो. माझ्या पाकिटात १००० च्या दोन-तीन सुट्या नोटा कायम असतात. स्क्रीनवाल्या नव्या यंत्रांवर सुइकासारखं रेल्वेचं कार्ड चालतं आणि कोपऱ्यात भाषा बदलायचं बटणही असतं. तिथे काहीच अडत नाही.

जुन्या यंत्रावर सगळं जपानीत असतं, तरी किमती वाचता येतात आणि तेवढ्याने निम्मं काम होतं. ९०० ते १२०० येनच्या आसपासचं बटण म्हणजे पूर्ण वाडगं. १०० ते ३०० येनची बटणं म्हणजे वरून घ्यायचे जिन्नस: मुरवलेलं अंडं, जास्तीचे डुकराच्या मांसाचे काप, नोरी (समुद्री शेवाळाचे पापुद्रे), बांबूचे कोंब, भात. फक्त १५० येनचं बटण दाबून बसलात तर समोर नुसतं अंडं येईल. दुकानाची खासियत बहुतेक ठिकाणी सगळ्यात वरच्या रांगेत डावीकडे असते, आणि काहीच कळत नसेल तर मी तेच दाबायला सांगते. ज्या बटणावर लाल दिवा आहे तो पदार्थ संपलेला. तिकीट पडल्यावर उरलेले पैसे यंत्रातच राहतात, म्हणजे त्यातून दुसऱ्याचं तिकीट काढता येतं. पण सुटे परत हवे असतील तर बऱ्याच यंत्रांना बाजूचा दांडा खाली ओढावा लागतो. तो न ओढताच पुढे जाणारे पुष्कळ, आणि मागचा जपानी माणूस ती नाणी हातात घेऊन धावत येतो. चुकीचं बटण दाबलं गेलं तर ‘सुमिमासेन, माचिगाएमाशिता’ (माफ करा, चूक झाली) म्हणून लगेच सांगायचं. शेवया पाण्यात पडायच्या आत सांगितलंत तर सहसा पैसे हातात परत मिळतात.

रांगेत आधी उभं राहायचं की आधी तिकीट काढायचं, हे दुकानागणिक बदलतं. पुढचे काय करतात ते बघावं. जिथे आधी तिकीट काढायला लावतात तिथे बहुतेकदा जाड शेवया असतात. त्या शिजायला सात ते दहा मिनिटं लागतात, म्हणून रांगेतच तिकिटं गोळा करून तुम्ही बसायच्या आत त्या उकळत्या पाण्यात टाकल्या जातात. एकाने रांग धरायची आणि बाकी तिघांनी ऐनवेळी उगवायचं, हे इथे चालत नाही. दोघांत एक वाडगंही बऱ्याच ठिकाणी चालत नाही, कारण विकली जाते ती खुर्ची. साडेअकरा ते एक ही गर्दीची वेळ. तीनच्या सुमारास अनेक दुकानं दोनेक तास बंद होतात, आणि सूप संपलं तर त्याआधीच पडदा उतरतो.

बसल्यावर तिकीट समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवायचं. आवडीनिवडी सांगायची संधी हीच, आणि कोणत्या प्रकारच्या दुकानात काय विचारतील हे आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. सोया सॉसचं शोयू, मिठाचं शिओ आणि सापोरोकडचं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) यांच्या दुकानांत फारसं कोणी काही विचारत नाही. योकोहामाच्या इएकेई घराण्यात (हे १९७४ मध्ये योशिमुराया या दुकानापासून सुरू झालं) तीन गोष्टी ठरतात: शेवया किती कडक, चव किती तीव्र, तरी किती. हो, आपल्या मिसळीवर असते तशी तरीच, फक्त कोंबडीच्या चरबीची. पहिल्या खेपेला तिन्हींना ‘फुत्सू’, म्हणजे नेहमीचं, एवढं म्हणावं. खारट सोसत नसेल तर चवीला ‘उसुमे’, तरी कमी हवी असेल तर ‘सुकुनामे’.

फुकुओकाकडच्या हाकाता पद्धतीच्या दुकानात फक्त कडकपणा विचारतात. तिथल्या शेवया बारीक असतात, मिनिटभराच्या आत शिजतात आणि तितक्याच पटकन लिबलिबीत होतात, म्हणून ‘कातामे’च्या (कडक) वरची ‘बारीकाता’ (खूप कडक) पायरीही लोक मागतात. या दुकानांत ‘काएदामा’ मिळतं: उरलेल्या सुपात शेवयांची दुसरी वाढ, साधारण १०० ते २०० येन. ते वाडग्यात दोन-तीन घास उरले असतानाच मागायचं आणि सूप शिल्लक ठेवायचं. सूप पिऊन टाकल्यावर काएदामा मागितलं तर कोरड्या शेवया कशात बुडवणार?

‘रामेन जिरो’ या दुकानाच्या पद्धतीने चालणाऱ्या दुकानांपासून नवख्यांनी चार हात लांब राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथला ‘लहान’ वाडगाही न शिजवलेल्या सुमारे ३०० ग्रॅम शेवयांचा असतो, म्हणजे इतरत्र मिळतात त्याच्या दुप्पट. तिकीट देताना वरच्या जिन्नसांबद्दल काही बोलायचं नाही. वाडगं तयार होत आल्यावर ‘निन्निकु इरेमास का’, लसूण घालू का, असं विचारतात, आणि त्या क्षणी लसूण, भाजी, चरबी, सॉस यांचं उत्तर एका दमात द्यावं लागतं. शिवाय ढीग उरवून उठणं तिथे फार वाईट दिसतं.

पाणी आपलं आपण घ्यायचं. चॉपस्टिक काउंटरवरच्या डब्यात, कधी काउंटरखालच्या खणात असतात. पिशवी पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकायची. वाडगं आलं की आधी चमच्याने नुसतं सूप चाखावं. हाकाता दुकानात तिखट ताकाना, म्हणजे मोहरीच्या पानांचं लोणचं, समोरच ठेवलेलं असतं आणि आपला हात आधी तिकडेच जातो. पण ते पडलं की सुपाची चव गेलीच समजा. निम्मं संपल्यावर घालावं. शेवया चार-पाचच उचलायच्या आणि आवाज करत ओढायच्या. असं ओढल्याने गरम सुपाचा वास नाकात चढतो आणि तोंडही भाजत नाही. फोटो एक काढा, आतल्या माणसांचा नको, आणि लगेच खायला लागा, कारण शेवया सूप शोषत राहतात आणि पाचव्या मिनिटाला वेगळ्याच लागतात. सगळं सूप संपवायची सक्ती नाही. पूर्ण वाडग्यात पाच-सहा ग्रॅम किंवा जास्तच मीठ जातं, त्यामुळे जपानी लोकही ते उरवतात.

त्सुकेमेन घेतलं असेल तर शेवया वेगळ्या आणि दाट सूप वेगळं येतं. शेवटी ‘सूप-वारी’ मागितलं की त्या दाट सुपात गरम पातळ सूप घालून प्यायला देतात. शेवया गार धुतलेल्या येतात, म्हणून शेवटी सूप कोमट होतं. ते आवडत नसेल तर सुरुवातीलाच ‘आत्सुमोरी’ म्हणून गरम शेवया मागून घ्याव्यात. उठताना वाडगं उंच कट्ट्यावर परत ठेवायचं, समोरच्या फडक्याने जागा पुसायची, ‘गोचिसोसामा देशिता’ (जेवणाबद्दल आभार) म्हणायचं आणि खुर्ची मोकळी करायची. वीस मिनिटांच्या वर बसणारा फक्त पर्यटक असतो.

शाकाहारी पाहुण्यांसाठी मात्र वरचं काहीच उपयोगाचं नाही. भाज्यांचा डोंगर असलेलं रामेनही डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांच्या सुपावर उभं असतं. मिसो शाकाहारी, पण ते ज्यात कालवतात ते सूप नाही. शिवाय वाळवलेल्या माशांचा अर्क, म्हणजे दाशी, बहुधा असतो, आणि काही शेवयांत अंडं. ‘मांस काढून द्या’ म्हटलं तर वरचे काप काढतात, सूप तेच राहतं. त्यामुळे ज्या दुकानात वीगन असं स्वतंत्र लिहिलेलं आहे तिथेच जावं. आफुरी या रामेनच्या साखळीच्या शाखांत वीगन रामेन मिळतं. टोकियो स्टेशनात केइयो स्ट्रीटवरचं टीज तानतान पूर्ण वीगन आहे, तिळाच्या दाट सुपाचं, आणि आपल्या जिभेला ते लगेच पटतं. फक्त ते स्टेशनच्या गेटच्या आत आहे. निशी-कासाई या भारतीय वस्तीच्या भागात उतरलेली मराठी मंडळी मेट्रोने ओतेमाचीला येतात, तिथून चालत टोकियो स्टेशनला पोचतात आणि मग गेटशी अडकतात. जेआरचं (जपान रेल्वेचं) तिकीट नसेल तर यंत्रावरून प्रवेश-तिकीट काढायचं. ते दोन तास चालतं, तेवढ्यात रांग आणि जेवण दोन्ही आरामात होतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र घटक आधी विचारून घ्यावेत.