बाही चार सेंटीमीटर लांब निघाली

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ डिग्री, आणि मी कूलरसमोर मांडीवर जाडजूड लोकरीचा कोट घेऊन बसलेलो. आई स्वैपाकघरातून आली, कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोण्या मेलेल्या माणसाचं आणलं रे घरात?" मी म्हटलं आई, हे जर्मन आर्मीचं ट्युनिक आहे, १९४० चं. तर म्हणे, "मंग तर नक्कीच मेला असंल."

आता जुने फौजी गणवेश जमवायचं हे खूळ कुठून लागलं ते आधी सांगतो. कॉलेजात असताना नागपुरात बर्डीवर रविवारी जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक हिरवट पार्का, म्हणजे टोपीवालं लांब जाकीट, घेतला होता, ३५० रुपयांत, बाहीवर छोटासा झेंडा, काळा-लाल-पिवळा. मित्र म्हणाला बेल्जियमचा आहे. घरी येऊन शोधलं तर बेल्जियमचे पट्टे उभे असतात आणि त्यांचा क्रमही वेगळा, हा आडवा म्हणजे जर्मनी, म्हणजे बुंडेसवेअरचा, १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीनं नव्यानं उभी केलेली फौज. एका झेंड्यावरून एवढं कळतं म्हटल्यावर डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मग पूर्व जर्मनीवाल्यांकडे वळलो. नवीन माणसानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यांची फौज २ ऑक्टोबर १९९० ला, म्हणजे एकीकरणाच्या आदल्या दिवशी, बंदच झाली आणि गोदामंच्या गोदामं भरलेला माल जगभर विकायला निघाला, त्यामुळे वस्तू अस्सल असते आणि खिशालाही परवडते, नकली बनवून कोणाला फारसा फायदा नाही. त्यांचं ते रेघारेघांचं कॅमोफ्लाज तर मला फार आवडतं, हिरवट-करड्या कापडावर तपकिरी उभ्या बारीक रेघा, जसा पाऊस पडतोय. जर्मन लोक गमतीनं त्याला 'एक रेघ, रेघ नाही' म्हणायचे. आत साइजचा शिक्का असतो, आकड्याच्या आधी एक अक्षर, के म्हणजे बुटका, एम मध्यम, जी उंच. संपलं, ओळखायला तेवढं पुरतं.

पण मन कुठं भरतं. सगळ्यांना हवं असतं ते दुसऱ्या महायुद्धातलं, आणि खरा बाजार, खरी फसवणूक तिथेच आहे.

तर तिथलं बेसिक असं की पायदळाच्या सैनिकाचं जे चार खिशांचं ट्युनिक, ज्याला ते फेल्डब्लूझे म्हणतात, ते युद्ध चालू असताना दरवर्षी थोडंथोडं स्वस्त होत गेलं. १९३६ चं पाहाल तर कॉलर गडद बाटलीसारखी हिरवी, समोर पाच बटणं, खिशांना मधोमध चुणी आणि खिशाच्या झाकणाला नागमोडी कड. १९४० मध्ये कॉलर बाकी कपड्याच्याच रंगाची झाली. १९४१ मध्ये समोर सहावं बटण आलं, ४२ मध्ये खिशांच्या चुण्या गेल्या, ४३ मध्ये झाकणांची नागमोड गेली, सरळ कापून टाकलं, आणि ४४ मध्ये तर कोटच कमरेपर्यंत आखूड, इंग्रज सैनिकांच्या जॅकेटसारखा. लोकरही तशीच, पुढे पुढे रेयॉन आणि जुन्या लोकरीचा भुगा मिसळत गेले. म्हणजे बघा, नुसते खिसे बघून सांगता येतं की कोट साधारण कोणत्या वर्षीचा असेल आणि तेव्हा सरकारकडे कापूस-लोकर किती उरली होती. आपल्याकडं लग्नाच्या आहेराच्या साड्यांवरून घरची परिस्थिती कळायची तसंच थोडंफार.

या सालांवरून पडलेली एम-३६, एम-४० ही नावं नंतर कलेक्टर लोकांनी, म्हणजे गणवेश जमवणाऱ्यांनी, पाडलेली आहेत, जर्मनांची नाहीत. आणि इथे नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण आतल्या अस्तरावर गोदामाचा शिक्का असतो, शहराचं अक्षर आणि साल, तर म्युनिकचा १९४० चा शिक्काही 'एम ४०' असाच दिसतो. मी स्वतः पहिले सहा महिने यात घोळ घालत होतो, सांगायला लाज नाही.

तर माझं हे ट्युनिक. एका विदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं, ३८,००० ला, वर कस्टमची ड्युटी वेगळी. अस्सल, पूर्ण खुणांसकट असलेलं लाखांच्या घरात जातं, म्हणून हे स्वस्तात मिळालं याचाच आनंद. आणि स्वस्त का मिळालं हा प्रश्न विचारायचा असतो हे त्या वेळी सुचलंच नाही. उजव्या छातीवर गरुड होता, खांद्याच्या पट्ट्यांना गुलाबी पायपिंग, म्हणजे काठाची बारीक किनार. पायपिंगच्या रंगावरून शाखा कळते, पांढरी पायदळाची, लाल तोफखान्याची, आणि गुलाबी, हो गुलाबी, रणगाडेवाल्यांची. आईला तेवढं एक आवडलं.

गरुडाच्या पायातलं चिन्ह पाहून मात्र ती थबकली. आपल्या उंबऱ्यावर रांगोळीत जे काढतो ते, पण तिरकं उभं केलेलं. जर्मनीत ते असं उघड दाखवणं कायद्यानं गुन्हा आहे, तिकडचे विक्रेते फोटोत त्यावर स्टिकर चिकटवतात. मीही हॉलमध्ये काही टांगत नाही, कपाटात असतं. आणि फॅन्सी ड्रेसला, फोटोशूटला मागायला येतात त्यांना सरळ नाही म्हणतो, ते कपडे कोणी काय काय करताना घातले होते हे माहीत असून त्यात पोज देणाऱ्यांची मला शिसारी येते. हां, एक प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, "नेताजींचं आहे का?" नेताजींनी जर्मनीत उभारलेल्या फ्री इंडिया लीजनला खरंच जर्मन गणवेश होता, बाहीवर तिरंगा आणि त्यावर झेप घेणारा वाघ, वर लिहिलेलं 'फ्राइस इंडिएन'. उत्तर आफ्रिकेत पकडलेले आपले युद्धकैदी त्यात होते. पण त्या वाघाचे बिल्ले आज इतके नकली फिरतात की मी हातच लावत नाही.

असो. ट्युनिकचं एक बटण लोंबत होतं म्हणून कामठीला टेलरकाकांकडे गेलो. काकांची हयात छावणीतल्या फौजींचे युनिफॉर्म शिवण्यात गेली, इतिहासाशी घेणंदेणं शून्य. त्यांनी कोट उलटा केला, अस्तरावरचा शिक्का बघितला. पाच आकडे असतात तिथे, सेंटीमीटरमध्ये. वर डावीकडे पाठीची लांबी, उजवीकडे गळा, मधे छाती, खाली पूर्ण लांबी आणि बाही. माझ्या कोटावर ४३, ४१, ९६, ७० आणि ६२. मी मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं. काका काही बोलले नाहीत, गळ्यातला टेप काढला, इंचाची बाजू फिरवून सेंटीमीटरची वर केली आणि बाही मोजली. ६६.

"शिक्क्यात बासष्ट, कापडात सहासष्ट. कोणी शिवलं बे हे?"

मी म्हटलं काका, जर्मनांनी. तर चष्म्यावरून असं पाहिलं माझ्याकडे. मग आतल्या शिवणीतून एक धागा उसवला, माचिस पेटवली. लोकर किंवा रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि हाताला भुकटी लागते, सुती जळलं की कागदासारखा. हा धागा आक्रसला, टोकाला काळा कडक मणी झाला, आणि वास आला प्लॅस्टिकचा. "पॉलिस्टर," काका म्हणाले आणि चहा सांगितला. १९४० मध्ये पॉलिस्टरचा धागा होताच कुठं.

चहा पिता पिता मला एकदम ते दुसरं दिसलं, जे मी आठवडाभर रोज पाहत होतो. शिक्क्यात गोदामाचं अक्षर ई, म्हणजे एरफुर्ट, साल ४०, आणि खाली ऐटीत आर. बी. नंबर. कारखान्याचं नाव लपवायला जे आकडे आले ते १९४२ च्या पुढचे! १९४० च्या कोटावर ते येणारच कसे? पुस्तकी ज्ञान माझ्याकडे होतं, फक्त पैसे दिल्यावर ते झोपी गेलं होतं. परत येताना इतवारीत ओळखीच्या किराणावाल्याच्या गल्ल्यावर नोटा तपासायचा निळा लाइट असतो, त्याखाली गरुड धरला. कडेचा धागा ट्यूबलाइटसारखा चमकला. असा चमकतो तो बहुतेक नवा धागा; नुसतं चमकणं हा पक्का पुरावा नसतो, पण बाही, मणी, शिक्का आणि आता हे, अजून किती पाहिजे.

विक्रेत्याला मेल टाकली, दोन दिवसांनी त्याचं अकाउंटच गायब.

पुढच्या आठवड्यात काकांकडे पुन्हा गेलो, कोट मी मधेच त्यांच्याकडे ठेवून आलो होतो. त्यांनी तोपर्यंत तो जवळजवळ सगळा उसवून पाहिला होता. काजं कशी केली, कॉलरच्या आत काय भरलं, सगळं. कापड त्यांच्या मते लुधियानाकडचं आणि हात आपल्याकडच्याच कोणत्या तरी कारागिराचा, खांद्याची पलटी अशी मारायची सवय त्यांना ओळखीची वाटली. म्हणजे बहुतेक हा कोट इकडंच कुठं तरी शिवला गेला, समुद्र ओलांडून गेला, चहाच्या पाण्यात बुडवून, घासून म्हातारा केला गेला, आणि ड्युटी भरून परत नागपुरात आला.

"केवढ्याले घेतला म्हनलास?"

सांगितलं.

काकांनी टेप गळ्यात टाकला. "मले सांगतलं असतं तर सहा हजारात शिवून देल्ला असता. अन् बाही बी बरोबर लावली असती."